चित्रातल्या गाईची भूक

गेल्या चवथीतील गोष्ट. दुसऱ्या दिवशी, नव्याच्या पंचमीस, नव्या भाताची कणसे देवापुढे ठेवून झाली होती, नैवेद्य दाखविला होता, केळीची पाने मांडून खतखते वाढावयास घेतले होते. सारी मंडळी पानांवर बसली. पण घरातील बारा वर्षांचा मुलगा आतल्या खोलीतून बाहेर येईना. दोन हाका झाल्या. तिसरीस उत्तर आले, “आजी, माझी गाय उपाशी आहे. तिला चारा घातला की आलोच.” ही गाय संगणकाच्या पडद्यावरची. मंडळी हसली. एका वडीलधाऱ्या गृहस्थांस मात्र राग आला. “गाय आहे कुठे तिथे?” असे ते गरजले. परसातील गोठा मोडून व शेवटची गाय विकून तेथे मोटार ठेवण्याची सोय करणारे हेच गृहस्थ होत, ही गोष्ट त्या क्षणी कोणी काढली नाही.

त्यांचा प्रश्न रागाच्या भरात निघाला असला तरी टाकाऊ नव्हता. जी गाय नाहीच, तिच्याविषयी काही कर्तव्य असू शकते काय? काकड आरतीने देवास जागविणारे, मध्यान्ही नैवेद्य दाखविणारे आणि रात्री शेजारतीने त्यास निजविणारे आम्ही. आम्ही तरी ह्या प्रश्नास हसण्यावारी नेऊ नये. कोणी म्हणेल, मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झालेली असते, पडद्यावरील चित्राची झालेली नसते. म्हणणे बरोबर आहे. तथापि प्रतिमेची सेवा करताना सेवकाच्या अंगी काही घडत असते, एवढे मानण्यास आपल्या परंपरेत अडचण नाही. मग पडद्यावरच्या गाईस रोज चारा घालणाऱ्या मुलाच्या अंगी काय घडते, हे पाहावयास हवे. आणि त्यासाठी ही गाय आली कोठून, हे प्रथम पाहिले पाहिजे.

शेतीचे हे खेळ ज्या एका खेळावरून आपली वंशावळ सांगतात तो जपानात १९९६ साली निघाला. क्यूशू बेटावरील मियाझाकीच्या ग्रामीण भागात वाढून पुढे टोकियोत कामास आलेले यासुहिरो वाडा हे त्याचे कर्ते. ‘बोकुजो मोनोगातारी’, म्हणजे कुरणाची कथा, असे त्याचे मूळ नाव. इंग्रजीत तो ‘हार्वेस्ट मून’ ह्या नावाने गेला. त्या काळी घरगुती खेळयंत्रांवर लढाया व शर्यती ह्यांचे राज्य होते. ह्या खेळात मात्र एका तरुणास आजोबांची ओस पडलेली जमीन मिळते, व कुऱ्हाड, कुदळ आणि झारी घेऊन तो ती लागवडीस आणतो. चार ऋतू, प्रत्येक तीस दिवसांचा. रोपांस पाणी रोज घालावयाचे. गाईस चारा घालून भागत नाही. तिला खरारा करावा, तिच्याशी बोलावे. चारा चुकला तर ती आजारी पडते, आणि हयगय तशीच चालली तर मरते. कोंबडी रात्री बाहेर राहिली तर रानकुत्री ती नेतात. सायंकाळी सहा वाजले की घड्याळ थांबते. मग अंगात बळ असेतो शेतात राबावे, रात्र पुढे सरकत नाही. आणि अडीच वर्षे झाली की आईबाप येतात, मुलाने काय केले ते पाहतात, आणि खेळ संपतो.

खेळ संपतो, हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

ह्या घराण्यातील आजचा सर्वांत नावाजलेला वंशज म्हणजे ‘स्टारड्यू व्हॅली’. अमेरिकेतील एरिक बरोन ह्या तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून चित्रे, संगीत, संवाद, सारे स्वतः रचले आणि २६ फेब्रुवारी २०१६ रोजी तो प्रसिद्ध केला. २०२४ अखेरपर्यंत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. आमच्या घरातील गाय ह्याच खेळातली. येथेही आजोबांचीच जमीन आहे. नातू एका बड्या कंपनीच्या कचेरीत पिचत असता आजोबांनी मागे ठेवलेले पत्र उघडतो व खेड्याची वाट धरतो. खेड्यात सर्वांच्या मालकीचे एक सभागृह मोडकळीस आलेले आहे. ते सावरण्याचे दोन मार्ग. एक, हंगामाहंगामाला आपल्या कष्टाचा माल तेथे आणून अर्पावा. वसंतातील पिकांची जुडी म्हणून पार्सनिप, फरसबी, फ्लॉवर आणि बटाटा ह्यांतील एकेक नग ठेवावयाचा असतो. अर्पण करता करता सभागृह सावरते आणि बंद पडलेली मोटारबसही पुन्हा सुरू होते. दुसरा मार्ग म्हणजे त्याच बड्या कंपनीचे पाच हजार मोहरांचे सभासदत्व घ्यावे. सभागृहाचे कोठार होते, आणि त्याच सुधारणा पुढे रोख पैसे मोजून विकत मिळतात. नव्याच्या कणसांची जुडी घेऊन देवळाची पायरी चढलेल्या कोणासही ह्या दोन मार्गांतील भेद समजावून सांगावा लागणार नाही. परक्या देशातील एका तरुणाच्या खेळात पहिले पीक गावाच्या नावाने ठेवण्याची ही रीत पाहून आम्हांस, खरे सांगावयाचे तर, संकोचल्यासारखे झाले. आमच्याच कितीतरी घरांत त्या दिवशी देवापुढे ठेवलेली कणसे बाजारातून विकत आणलेली असतात.

ह्या दोन्ही खेळांत एक गोष्ट समान आहे. आम्ही खेळतो तेव्हाच तेथे दिवस मावळतो. यंत्र बंद केले की गाय जशीच्या तशी उभी. तिला भूक लागत नाही, रोप सुकत नाही. पूर्वीच्या मुलींची भातुकली अशीच असे. बाहुलीस भूक लागे ती मुलीस सवड होई तेव्हा, आणि शाळेची वेळ झाली की सारा संसार टोपलीत निजे.

उलट पंथाचे खेळही आहेत. त्याच १९९६ साली जपानातच ‘तामागोत्ची’ नावाचे अंड्याएवढे खेळणे निघाले. त्यातील चित्रप्राण्यास भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे भूक लागे, आणि मूल शाळेत बसले असताना तो उपाशी मरे. हाच प्रकार पुढे शेतीत आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या झिंगा कंपनीने जून २००९ मध्ये फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ सुरू केला. पुढल्याच वर्षी महिन्याकाठी तो खेळणाऱ्यांची संख्या आठ कोटींवर गेली. त्यात स्ट्रॉबेरी लावली तर ती चार तासांत तयार होई, चार खरे तास; आणि वेळेवर काढली नाही तर शेतातच सुके. त्यापायी लोक गजर लावून उठत, कचेरीत मान खाली घालून कापणी करीत. शेजाऱ्यांनी मदत करावी, भेटी पाठवाव्यात, हीही सोय होती. ज्यास वेळ साधला नाही त्याला खरे पैसे मोजून सुकलेले पीक पुन्हा टवटवीत करून घेता येई.

येथे आमच्या विचाराची गाडी बरेच दिवस अडून राहिली. कारण खरी गाय आमच्या सवडीने भुकेजत नाही. घरात लग्न असो की सुतक, धारेची वेळ टळत नाही. दिवाळीच्या पाडव्यास गोरवांना न्हाऊ घालून, माळा घालून मिरविणाऱ्या घरांना ठाऊक आहे की तो एक दिवस सणाचा, आणि उरलेले सारे दिवस पहाटे उठण्याचे. पीकही कोणासाठी थांबत नाही. ह्या न्यायाने पाहता सत्याशी इमान राखणारा खेळ ‘फार्मव्हिल’च ठरतो, आणि आम्हांस आवडलेले दोन्ही खेळ म्हणजे नुसती भातुकली. जिवंत जिवाचे कर्तव्य त्याच्या काळाने चालते, आपल्या काळाने नव्हे, हे तत्त्व जर खरे, तर ते पाळणाऱ्या खेळाविषयी मनात अढी का यावी?

भूक कोणाची, असे विचारले तेव्हा ही अढी आम्हांस थोडी उलगडली. गोठ्यातील भूक गाईची असते. देवळातील पूजेलाही घड्याळ आहे, पुजाऱ्याची पाळी चुकत नाही. पण तेथे कोणी देवाची भूक भागवीत नसतो, नैवेद्य प्रसाद होऊन अर्पिणाऱ्याच्याच पानात परत येतो. भातुकलीतील भूक मुलीच्या कल्पनेची. ‘फार्मव्हिल’च्या शेतात मात्र स्ट्रॉबेरीस कसलीच निकड नव्हती. ती सुकण्याचा नियम एका व्यापाऱ्याने लिहिला होता. तो न लिहिणे त्याच्या हाती होते, आणि सुकण्यावरचा उताराही त्याच्याच दुकानात मिळत होता. भूक त्या दुकानाची होती, गाईचे व पिकाचे मुखवटे तिला चढविले होते. माणसाच्या ठायी जी कनवाळू कर्तव्यबुद्धी असते, तहानलेले रोप पाहून जो हात आपोआप झारीकडे जातो, त्या हातास दावे बांधून घाण्यास जुंपण्याचा हा प्रकार. प्रामाणिकपणासाठी हेही म्हटले पाहिजे की, कोप होईल अशी भीती घालून भाविकांकडून दान उकळणारे आपल्या देवस्थानांच्या आवारातही झाले आहेत. तेथेही भूक देवाची नसते.

‘फार्मव्हिल’चा शेवटही ह्या दृष्टीने पाहण्यासारखा झाला. तो ज्या फ्लॅश नावाच्या साधनावर चालत असे ते त्याच्या मालक कंपनीने बंद केले, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी खेळ मिटला. अकरा वर्षे राखलेली शेते एका दिवसात गेली. दीड दिवसाचा मातीचा गणपतीही जातोच. पण तो आपण आपल्या हाताने, जाणार हे आणतानाच जाणून, पाण्यात सोडतो.

म्हणून उरलेल्या दोहोंत सारे उत्तमच आहे, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. नव्या खेळाने गाईस फारच सोशिक केले आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’तील गाय उपाशी ठेवली तरी मरत नाही, तिचे मन खट्टू होते, दूध बंद होते, इतकेच. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या पहाटे आजोबांचा आत्मा येऊन नातवाचा हिशेब घेतो व चारपर्यंत मेणबत्त्या उजळतो. पण हिशेब कमी भरला तर त्यांच्या समाधीपाशी एक हिरा ठेवावा, ते पुन्हा मोजावयास येतात, आणि हवे तितक्या वेळा येतात. खेळ संपत नाही. जुन्या खेळातील आईबाप एकदाच येत, आणि मेलेली गाय मेलेलीच राही. ह्या एका बाबतीत आमचा कौल जुन्याच्या बाजूने आहे. ज्या हयगयीने काहीच जात नाही, तिला हयगय हे नाव तरी का द्यावे? शिवाय न संपणाऱ्या शेतात दुसरेच पीक येते. आपोआप पाणी शिंपडणारी यंत्रे मांडून, कोणते पीक किती दिवसांत किती मोहरा देते ह्याची कोष्टके करून खेळणारे कितीतरी आहेत. ज्या कचेरीतून नातू पळाला, तीच त्याने शेताच्या मध्यभागी उभारली म्हणावयाची.

त्या दिवशी जेवणे उरकल्यावर आम्ही मुलास जवळ बसवून विचारले. त्या खेळातील एक दिवस सुमारे चौदा मिनिटांचा, आणि गडी बिछान्यावर पडून रात्र झाल्याखेरीज त्या दिवसाचे काम जमा होत नाही, हे त्यानेच समजावून सांगितले. मग आम्ही म्हणालो, चारा नसता घातला तर काय झाले असते? तो म्हणाला, “काही नाही. मरत नाही ती. नुसती रुसते.” मग इतकी माणसे पानावर खोळंबली असता उठला का नाहीस? तो थोडा वेळ गप्प राहिला. “तिला कळत नाही, ठाऊक आहे मला. पण मी घातला नाही, हे मला कळतं ना.”

राग आलेले गृहस्थ समोर सुपारी कातरीत बसले होते. त्यांनी ऐकले असावे. त्यांनी एवढेच विचारले की, त्या गाईला दूध किती.