निधी-निक्षेपासह

माणूस प्रामाणिक आहे की नाही हे ठरवायला आमच्या बँकेत दोन जामीनदार आणि तीन पासपोर्ट फोटो लागतात. अनुभवाने सांगतो, एवढ्या खटाटोपाची गरज नाही. त्या माणसाच्या हातात मेटल डिटेक्टर द्यावा आणि त्याला आजोबांच्या विकलेल्या घरात दहा मिनिटं एकटं सोडावं. निकाल लागतो. माझा लागला.

मी जळगावचा. जळगावकराला सोन्याचं वेड वेगळं लावून घ्यावं लागत नाही. केळी आणि भरताची वांगी यांच्याबरोबर ते आपोआप येतं. गावाला सुवर्णनगरी म्हणतात. त्यात बँकेने मला सोने-तारणाच्या टेबलावर बसवलेलं. दिवसभर दुसऱ्यांच्या पाटल्या पाकिटात घालायच्या, वर लाख लावायची आणि संध्याकाळी सायकलचं पंक्चर उधारीवर काढायचं, असा माझा सोन्याशी संबंध. 2025 साली सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलं तेव्हा आमच्या हिने गळ्यातल्या पोतीला जो हात लावला, तो पुढे आठवडाभर काढला नाही.

अशा सुमारास आमचे मेहुणे मुंबईहून आले आणि येताना ते यंत्र घेऊन आले. काठीच्या टोकाला ताटाएवढी चकती, वर एक डबा आणि कानाला लावायची वायर. मेहुणे हा मनुष्य दर दोन वर्षांनी श्रीमंत व्हायला निघतो. मागच्या खेपेला ससे पाळले होते.

"1980 साली ऑस्ट्रेलियात," चहाचा कप ठेवत ते म्हणाले, "एका माणसाला असल्याच यंत्राने सोन्याचा गोळा सापडला. सत्तावीस किलो! जमिनीखाली जेमतेम फूटभर."

गोष्ट खरी आहे. व्हिक्टोरिया प्रांतातल्या किंगोवर गावाजवळ केव्हिन हिलियर नावाच्या गृहस्थांना तो सापडला आणि पुढे अमेरिकेतल्या एका जुगारखान्याने तो विकत घेतला. पण मी म्हटलं, "मेहुणे, तो ऑस्ट्रेलिया. आपला खानदेश म्हणजे सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वी सांडलेला लाव्हारस. खाली काळा पाषाण, वर काळी माती. सोन्याची खाण म्हणाल तर ती कर्नाटकात, हट्टीला. कोलारची होती, ती 2001 सालीच बंद पडली. आपल्याकडे सोनं जमिनीतून निघत नाही, दुकानातून निघतं."

"देवाने नसेल पुरलं," मेहुणे म्हणाले, "पण तुमच्या आजोबांनी?"

इथे माझी कॉमर्सची पदवी संपली.

आजोबांचं घर धुळ्याजवळ, पांझरेच्या काठी. त्या घरात हंडा आहे असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोललं जाई. असा हंडा प्रत्येक जुन्या घरात असतो आणि त्यावर एक नाग बसलेला असतो. एवढे नाग खानदेशात खरोखर असते तर उंदरांनी कपाशी सोडून दिली असती. मी नववीत असताना वडिलांनी ते घर विकलं आणि घेतलं कुणी, तर आमच्याच जुन्या सालदाराने, पैपैसा साठवून. तो गेला. आता त्याची म्हातारी तिथे असते. आम्ही सगळे तिला माय म्हणतो.

रविवारी सकाळची एस.टी. धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. यंत्र सतरंजीत गुंडाळलेलं, त्यामुळे कंडक्टरने आम्हाला भजनी मंडळी समजून पुढे बसायला जागा करून दिली. वाटेत मेहुण्यांनी यंत्राचं शास्त्र सांगितलं. चकतीत तारेचं वेटोळं असतं, त्यातून वीज खेळली की भोवती चुंबकक्षेत्र तयार होतं. जवळ धातू आला की त्यातही वीज फिरू लागते, ती चकतीला कळते आणि यंत्र कुईऽऽ करतं. टेलिफोनवाल्या बेलसाहेबांनीही असलं यंत्र केलं होतं. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगात घुसलेली गोळी शोधायला त्यांनी ते चालवलं. ते नको तिथे बोलू लागलं, कारण अध्यक्षांच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या. अध्यक्ष त्या दुखण्यातून उठले नाहीत.

म्हणजे यंत्राला धातू कळतो. तो कुणाचा आणि कशासाठी तिथे आहे, ते कळत नाही. हे वाक्य मला एस.टी.त सुचलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण एस.टी.त मी शेंगा खात होतो.

"काय करी राह्यनात भाऊ?" मायने यंत्राकडे बघत विचारलं.

"जुन्या घराची मापं घेतोय, माय," मी म्हटलं. चाळीस उलटल्यावर माणूस खोटं बोलतो ते असं, मापात.

यंत्र अंगणात लावलं मात्र, आणि ते ओरडतच सुटलं. आमच्या काळ्या दगडात लोहाचा अंश असतो, त्याने हे यंत्र बावचळतं. मेहुण्यांनी बटणं फिरवून त्याला गप्प केलं. मग दोन तासांत मिळालेला खजिना असा: खिळे सतरा, बैलाच्या पत्र्या तीन, विळ्याचं तुटकं पातं एक, भोकाचा पैसा एक आणि मेहुण्यांच्याच खिशातून पडलेली किल्ली एक. उन्हाने मेहुणे बसले. माय चहा टाकायला आत गेली. मी उगीच ओसरीतल्या कोनाड्याशी चकती नेली, तर कुईऽऽ.

पोपडा नखाने निघाला. मागे विटेच्या फटीत सुपारीएवढी पितळेची डबी होती. डबीत चिंधी आणि चिंधीत सोन्याचे चार मणी. तारणाच्या टेबलावर बसणाऱ्याला सोनं ओळखायला कसोटीचा दगड लागत नाही.

आतून कपबशीचा आवाज आला आणि डबी माझ्या खिशात गेली. ती मी टाकली असं म्हणायला हवं, पण त्या क्षणी ती आपली आपण गेल्यासारखी वाटली. पाकीटमार न्यायाधीशापुढे हेच सांगत असावेत.

चहा घेतला. माय म्हणाली, "साखर कमी व्हयनी का?" मी म्हटलं, "नाही, नाही, गोड आहे." तो गोड होता हेच वाईट होतं.

रात्री मी स्वतःशी खटला चालवला. वकील, पक्षकार आणि न्यायाधीश एकच असल्यामुळे निकाल माझ्या बाजूने लागायला हरकत नव्हती. पहिला मुद्दा: सापडेल त्याचं. हा मुद्दा मी झारेकऱ्यांवरून उचलला. सराफ बाजारात पहाटे, दुकानं उघडायच्या आधी, ही माणसं कुंचा आणि घमेलं घेऊन येतात. सोनाराच्या कानशीतून उडालेला, कपड्यांना चिकटून बाहेर आलेला कण ते धुळीतून आणि गटारातल्या गाळातून काढतात. घमेल्यात पाणी घालून गोल फिरवायचं. माती वाहून जाते. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, ते तळाला बसतं. उरलंसुरलं पाऱ्याने धरायचं आणि पारा तापवून उडवायचा, त्याचा विषारी धूर छातीत घेत. खऱ्या अर्थाने सोनं शोधणारा आमच्याकडे हाच, आणि त्याला कुणी चोर म्हणत नाही. पण खटला इथेच फिरला. झारेकरी रस्ता झाडतो. दुकानातली धूळ हवी असली तर ती मालकाकडून विकत घेतो. मधे एक उंबरठा असतो. मी उंबरठ्याच्या आत होतो, आणि चहा पीत होतो.

दुसरा मुद्दा: सोनं आजीचं, म्हणून माझं. पुराव्यासाठी मी वडिलांची ट्रंक उघडून खरेदीखताची नक्कल काढली. घर एकेकाळी आमचं होतं हे कागदावर बघितलं म्हणजे झोप लागेल, असा हिशेब. खरेदीखताची भाषा तुम्हाला ठाऊक असेल. चतुःसीमा संपल्या की ती एकदम अंगात आल्यासारखी बोलू लागते. ओळ अशी होती: घर, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह दरोबस्त. निधी म्हणजे पुरलेलं धन, निक्षेप म्हणजे ठेव. ही शब्दावली सगळेच लिहितात. वाचत कुणी नाही. खाली वडिलांची सही. वडिलांनी हंडाही विकला होता, आणि नागही.

तिसऱ्या मुद्द्यासाठी कायदा काढला. 1878 सालचा इंग्रजांचा गुप्तधनाचा कायदा आपल्याकडे चालत आला आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपवलेली, दहा रुपयांच्या वरची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपयांत आज मणी सोडा, डबीतली चिंधी यायची नाही. लपवलं तर आपला वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धनी कुणीच निघाला नाही, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जागेच्या मालकाला एक. हे वाचून मी क्षणभर हुरळलो, ते कबूल करतो.

पण खरं सांगू का, मला ना कायद्याने उठवलं ना खरेदीखताने. मला उठवलं बँकेच्या सवयीने. मध्ये मी वर्षभर कॅशवर होतो. एका संध्याकाळी पाचशे रुपये जास्त भरले. कमी भरले तर खिशातून घालायचे. जास्त भरले तर? त्यांना सस्पेन्स खात्यात टाकतात आणि धनी शोधतात. मी रात्री आठपर्यंत स्लिपा चाळून एका मास्तरांचं घर गाठलं होतं. मास्तर म्हणाले, "काय प्रामाणिक माणूस!" मी चार दिवस छाती काढून फिरलो. आता कळलं, तो प्रामाणिकपणा माझा नव्हता, वहीचा होता. वहीत रकाना होता म्हणून मी सरळ होतो. मायच्या ओसरीत वही नव्हती.

आमच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांचा मुक्काम होता. 31 डिसेंबर 1926 ला ते गेले तेही धुळ्यातच. तो माणूस जन्मभर लोकांच्या वाड्यांत, माळ्यांवर, रुमालांत बांधलेलं धन शोधत हिंडला. 1898 पासून त्याचे खंडामागून खंड छापून जगापुढे मांडत गेला. त्याच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. शोधणाऱ्यांच्या दोन जाती असतात. एक सापडलेलं उजेडात आणते, दुसरी खिशात घालते. यंत्र दोघांनाही एकाच भाडोत्री निष्ठेने कुईऽऽ करतं.

पुढच्या रविवारी एकटाच गेलो. डबी मायपुढे ठेवली आणि मापं घेत नव्हतो हेही सांगितलं. तिने मणी तळहातावर घेतले, डोळ्यांजवळ नेले आणि परत माझ्यापुढे केले.

"हाई तुमना आजीना मनी शेतस. तुम्हीच ठेवा."

मी खरेदीखत वाचून दाखवलं, निधी-निक्षेपासह. माय बोळक्या तोंडाने हसली.

"आम्ही घर लिधं, भाऊ. तुमनी आजी नई लिधी."

लहानपणी ऐकलेली एक गोष्ट आठवली. विकलेल्या शेतात हंडा सापडतो. घेणारा म्हणतो तुझा, विकणारा म्हणतो तुझा. रात्रीत कलियुग लागतं आणि सकाळी दोघेही म्हणतात माझा. आमच्यात कलियुग एकट्यालाच लागलं होतं, आणि तेही रविवारी दुपारी, चहाच्या वेळी.

शेवटी दोघं मिळून अर्ज केला. मी जन्माचा कारकून, त्यामुळे अर्जातही रकाने आखले. वस्तू: सोन्याचे मणी, नग चार. ठिकाण: ओसरीचा कोनाडा. सापडल्याची तारीख: खरी. शोधणारा: मी. घराची मालक म्हणून मायने अंगठा उठवला. खाली एक ओळ घालायची राहिली होती, की खरेदीखताप्रमाणे निधी-निक्षेप मालकिणीकडे गेला असून अर्जदाराचा त्यावर हक्क नाही. ती मी लिहिली. पण तिथे पेन अडखळलं नाही असं म्हणणार नाही. दोनदा झटकलं, तेव्हा शाई उतरली.

मेहुणे महिनाभर बोलले नाहीत. यंत्र आमच्या माळ्यावर आहे. परवा हिने ते झाडताना चुकून बटण दाबलं, तर माझ्या अंगावरून जाताना कुईऽऽ केलं. खिशात किल्ल्या होत्या. तरी मी आधी खिसा चाचपून पाहिला.