वेस आणि किल्ली

अकोल्याच्या जुन्या शहरात राहणाऱ्यांना तट आणि वेस हे शब्द पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. मोर्णेच्या काठी असदगडाचे बुरूज अजून उभे आहेत आणि दहीहंडा वेस, अगर वेस ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. वेशीतून कोणी आत यावे व कोणी येऊ नये हे ठरविण्याचा अधिकार ज्याची वेस त्याचा, एवढे साधे तत्त्व त्या दगडांत चिणलेले आहे. आजच्या वेशी मात्र दगडाच्या नाहीत. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि म्हणूनच हे तत्त्व विसरणे फार सोपे झाले आहे.

याचा प्रत्यय आम्हाला गेल्या उन्हाळ्यात याच भागातील एका परिचित कुटुंबात आला. घरातील महाविद्यालयीन मुलाने आपला हातात धरून खेळण्याचा गेम आमच्यापुढे ठेवला. २०२२ साली बाजारात आलेले स्टीम डेक नावाचे ते यंत्र एका नातेवाइकाने परदेशातून आणले होते. दिसायला खेळणे, परंतु आतून तो लिनक्सवर चालणारा पूर्ण संगणकच आहे. नखाएवढे मेमरी कार्ड त्यात घालून मुलाने ते पुन्हा सुरू केले, तेव्हा गेम अदृश्य झाले आणि काली लिनक्स ही सुरक्षा तपासणाऱ्यांसाठी बनविलेली प्रणाली पडद्यावर आली. तिच्यातील एनमॅप या साधनाने जाळ्यावरील कोणत्या यंत्राचे कोणते दार उघडे आहे ते कळते. वायरशार्कने येणारे-जाणारे निरोप पाहता येतात. या विद्येला इथिकल हॅकिंग, म्हणजे नैतिक हॅकिंग, म्हणतात असे त्याने अभिमानाने सांगितले.

मग त्याचा स्वर उतरला. एका व्यावसायिकाच्या कार्यालयात वाट पाहत बसला असताना त्याने हे यंत्र चालविले होते. ग्राहकांची नावे, फोन क्रमांक, आधारपत्रांच्या प्रती सारे उघड्यावर होते. त्याने दोन-तीन कागद उघडूनही पाहिले. “काका, मी काहीच घेतले नाही. मी चूक केली का?” त्याची आई लगेच म्हणाली, “दोष शोधला म्हणजे त्यांचे भलेच केले ना, भाऊ?”

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दोष शोधणारा कोणीतरी हवाच. आपल्या वऱ्हाडातील गाविलगड पाहा. तीन बाजूंना खोल दऱ्या असल्यामुळे तो अजिंक्य मानला जाई. उत्तरेस मात्र पठाराची जमीन त्याला भिडलेली होती. १८०३ साली अडगावच्या लढाईनंतर इंग्रजांनी नेमकी हीच बाजू हेरली. स्टीव्हनसनच्या फौजेने डोंगरवाटांनी तोफा ओढीत तिकडे नेल्या आणि १५ डिसेंबरला गड पडला. आतल्या तटावर तर शत्रू शिड्या लावून चढला. आपल्याच तटाकडे शत्रूच्या डोळ्यांनी पाहणे हे रक्षकाचे कर्तव्य असते.

अलीकडचे उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये अवघ्या काही दिवसांत तेथून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. बनावट कार्डे वापरून २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. खात्यात रक्कम आहे का, या प्रश्नाला बँकेच्या यंत्रणेऐवजी मध्येच बसविलेली बनावट यंत्रणा होकार देत होती. असा फटका टाळायचा असेल, तर चोराची विद्या जाणणारी प्रामाणिक माणसे समाजाला लागणारच. तेव्हा त्या मुलाची विद्या पाप नव्हे, आणि त्याचे यंत्रही नव्हे. कुलपांच्या किल्ल्या बनविणारा कारागीर चोर नसतो.

मग नैतिकता ठरते कशावर? चांगल्या हेतूवर, असे आपण सहज म्हणतो. परंतु हेतू हा ज्याचा त्यालाच दिसतो, आणि आपला हेतू वाईट होता असे क्वचितच कोणी मान्य करतो. चांगले निष्पन्न व्हावे म्हणून वाईट करू नये, ही संत पौलाची शिकवण आपल्याला ठाऊक आहे.

येथे आपल्याच धर्मसभेतील एक जुने पद आठवते. कोणाला संत म्हणून घोषित करण्यापूर्वी त्या व्यक्तीच्या जीवनातील उणिवा शोधणारा अधिकारी असे. लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणत. पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८७ मध्ये हे पद रीतसर स्थापिले; पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८३ मध्ये त्याचे स्वरूप पालटले. दोष काढणे हेच त्याचे काम, तरीही तो निंदक नव्हता. कारण तो नेमलेला होता, त्याच्या शोधाला मर्यादा होती, आणि सापडलेले सत्य तो बाजारात नव्हे, नेमणाऱ्यांच्याच हाती देत असे. नैतिक हॅकिंगचीही हीच तीन लक्षणे आहेत: मालकाची परवानगी, ठरलेली मर्यादा आणि विश्वासाने दिलेला अहवाल. आपला कायदाही परवानगीपासूनच आरंभ करतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणारा भरपाईस पात्र ठरतो. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

म्हणून आम्ही मुलाला सांगितले, “बाळा, दार उघडे दिसणे हा अपराध नव्हे, परंतु विचारल्यावाचून आत जाऊन लोकांची कपाटे उघडलीस, ही चूक झाली.” परंतु येवढ्यावर सुटका नव्हती. आता गप्प राहावे, तर ज्यांची कागदपत्रे उघडी पडली होती त्या अनोळखी माणसांचा घात. बोलावे, तर स्वतःची चूक उघड. वडील त्याला घेऊन त्या व्यावसायिकाकडे गेले. काय पाहिले, कोणते कागद उघडले, हे त्याने काहीही न लपविता सांगितले. मालक संतापले आणि पुन्हा पायरी चढू नकोस म्हणाले. आभार कोणी मानले नाहीत. मात्र त्याच आठवड्यात ते दार बंद झाले. मालकांनी ऐकलेच नसते, तर असे दोष कळविण्यासाठी केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था आहे, हेही आम्ही त्याला सांगून ठेवले होते.

त्या कुटुंबाचा निरोप घेताना आमच्या मनात मुलापेक्षा आपणा वडीलधाऱ्यांचाच विचार होता. मुलांना नवी यंत्रे घेऊन देताना आपण त्यांची किंमत विचारतो, अभ्यासाचे काय होईल ते विचारतो. “हे तुला कोणी करू दिले?” हा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. घराघरांतून तो विचारला जावा. किल्ली कोणाच्याही हाती येऊ शकते. वेस ज्याची त्याचीच राहते.