दृष्टीआड सृष्टी

सणासुदीला आपण न्यू यॉर्कहून लोदला किंवा ठाण्याला फोन लावतो, तेव्हा आपला आवाज आकाशातून जातो असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक तो बहुतेक वेळा समुद्राच्या तळावरच्या तारांतून जातो. तेव्हा त्या तारांनी समुद्राचे काय होते, हा प्रश्न आपलाही आहे.

तार स्वतः फारशी उपद्रवी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. कॅलिफोर्नियात हाफ मून बेजवळ १९९५ साली टाकलेली एक तार शास्त्रज्ञांनी २००३ साली पाण्यात यंत्रे सोडून तपासली. किनाऱ्याजवळ ती घासून खडकाला चरे पडले होते, पण आजूबाजूच्या जीवांत फारसा फरक आढळला नाही. जुन्या तारांची गोष्ट वेगळी. १८७० साली मुंबई समुद्री तारेने सुएझशी जोडली गेली. त्या काळी तारांवर गटापर्चा नावाचा चीक चढवीत, आणि तो मिळवण्यासाठी मलायाच्या जंगलातली झाडे आडवी पाडीत. मुंबईत तार वाचणाऱ्याला ते झाड कधी दिसले नाही.

ओरेगॉन राज्यातल्या टिएरा डेल मार या लहानशा गावी २०२० साली असेच काही घडले. तार किनाऱ्यावर आणताना पुळण उकरावी लागू नये म्हणून जमिनीखालून आडवे भोक पाडतात. पद्धत चांगलीच आहे. फेसबुकच्या उपकंपनीचे हे काम चालू असता २८ एप्रिलला ड्रिलचा पाइप तुटला. सुमारे ११०० फूट पाइप आणि ६५०० गॅलन ड्रिलिंगचे द्रव समुद्रतळाखाली राहिले. ते तिथेच सोडून दिल्याचे राज्याच्या खात्याला काही आठवड्यांनी कळले.

कोणी म्हणेल, तळाखाली गाडलेल्या लोखंडाने कोणाचे काय बिघडले? काढायला गेले तर आणखी खणावे लागेल. मुद्दा खरा आहे, मी तो उडवून लावीत नाही. परंतु नुकसान थोडे की फार, हे ज्याच्या हातून झाले त्यानेच एकट्याने ठरवावे काय? शेजाऱ्याच्या विहिरीत आपला पोहरा पडला, तर तो निघो न निघो, आपण आधी शेजाऱ्याला जाऊन सांगतो. पाणी त्याला प्यायचे असते. ओरेगॉनच्या किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंतचा तळ राज्याचा, म्हणजे जनतेचा आहे. सांगायला शेजारी होता.

पुढे २०२१ साली तिथल्या विधिमंडळाने कायदा केला. समुद्रतळावर तार टाकणाऱ्याने आता आर्थिक हमी द्यायची, म्हणजे सामान टाकून कोणी निघून गेला तर खर्च लोकांच्या गळ्यात पडू नये. हा पैसा शेवटी गिऱ्हाइकाच्याच बिलात येणार, अशी कुरकुर कोणी करील. येऊ दे. लोदच्या मावशीशी अर्धा तास बोलायला आज जवळजवळ काहीच पडत नाही. त्यात चार पैसे वाढले तर माझी तरी तक्रार नाही.