बारमाही गाडी

ही गाडी ज्या रस्त्यांवर मनसोक्त पळू शकते, नेमका तिथेच तिला मज्जाव आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी चालत नाही, समृद्धीवर चालत नाही, अटल सेतूवरही नाही. जिथे चालते त्या चौपदरी महामार्गावर मोटरसायकलला केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने घालून दिलेली मर्यादा ताशी ८० किलोमीटर. शहरात ६०, आणि पुण्यात साठ गाठायचे तर पहाटे चारला घर सोडावं लागेल. मग चारशे सीसीच्या, चाळीस हॉर्सपॉवरच्या, अंगावर आवरण म्हणून काही नसलेल्या या मोटरसायकलचं करायचं काय? शेजारचे काका एवढं लांबण लावत नाहीत. ते एवढंच विचारतात, "किती देते?"

"सत्तावीस-अठ्ठावीस," मी म्हणतो. ते स्वतःच्या शंभर सीसीच्या गाडीकडे एकदा बघतात, माझ्याकडे एकदा बघतात आणि पेपर वाचायला लागतात. या नजरेला उत्तर द्यायच्या भानगडीत मी पडत नाही. हिशोबाने बघितलं तर काकांचंच बरोबर आहे.

'नेकेड' म्हणून आज शोरूममध्ये वेगळी उभी केलेली ही जात मुळात काही नवी नव्हे. येझदी, राजदूत, बुलेट, १९८५ साली आलेली आरएक्स हंड्रेड, सगळ्यांची इंजिनं उघडीच असायची. झाकणं नंतर आली. पण चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर आणि ऐपतीत बसेल अशी किंमत, हे गणित आपल्याकडे जमलं ते गेल्या दहा-बारा वर्षांत, आणि तेही पुण्याच्या वेशीवर. २००७ मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतली, २०१२ मध्ये दोनशेची ड्यूक आली, २०१३ मध्ये ३७३ सीसीची तीनशे नव्वद. चाकणला बनून ती युरोपातही विकली गेली. जुलै २०२३ मध्ये ट्रायम्फची स्पीड ४०० आली, तीही चाकणचीच. ज्या गाड्या आम्ही कॉलेजात असताना परदेशी मासिकांच्या गुळगुळीत पानांवर बघत होतो, त्या आता एमआयडीसीच्या कंटेनर-ट्रेलरवर लादून आमच्याच पुढे रहदारीत अडकलेल्या दिसतात. सरकारच्या लेखी मात्र हा मध्यम आकारही चैनच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला १८ टक्के जीएसटी आणि त्यावर एक सीसी गेली की ४० टक्के.

पुन्हा काकांकडे. ताशी ८० ने सरळ रस्त्यावर जायला अशा गाडीला दहाच्या आत हॉर्सपॉवर पुरतात. उरलेले तीस कशाला? त्याचं उत्तर दिवाळीनंतर सातारा-कराड बाजूला मिळतं. गाळप सुरू झालेलं असतं. ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर पाचटाखाली गेलेला. आतल्या रस्त्यांवर दुभाजक नसतो, समोरून एसटी येत असते. अशा वेळी चाळिसावरून सत्तरला जाणं हे किती सेकंदांत होतं, एवढाच प्रश्न असतो. छोटी गाडी तिथे विचार करते. ही करत नाही. काम झालं की मूठ सैल सोडायची, बस. ट्रॉलीवाल्याला शिव्या घालताना एक लक्षात ठेवावं लागतं: त्यातल्या काही उसाचं इथेनॉल होऊन ते आपल्याच टाकीत येणार आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे काकांच्या 'किती देते'मध्ये साखर कारखान्याचाही वाटा आहे.

वेगाचा मोह होत नाही असं नाही. पण उघडी गाडी स्वतःच पंतोजीगिरी करते. वेग दीडपट झाला की वाऱ्याचा रेटा सव्वादोनपट होतो. ऐंशीला वारा छातीवर छान टेकतो. शंभरच्या पुढे तोच वारा हेल्मेट मागे ओढायला लागतो, हात हँडलला लोंबकळतात, मान आखडते. समोर काच असलेल्या गाडीवर एकशेवीस कधी झाले ते कळतही नाही. इथे पंचाण्णवलाच कळतं. मला हे आवडतं. वेग दिसण्याआधी तो अंगाला लागावा, यात शहाणपण आहे.

हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात कुठलीही मोटरसायकल चांगलीच वाटते. बोटं गारठतात, हातमोजे घातले की प्रश्न मिटतो. उन्हाळा मात्र या गाडीचा कस काढतो, आणि आपलाही. सिग्नलला थांबलो की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि इंजिनाची सगळी उष्णता मांड्यांवर येते. चालत्या गाडीवर तरी वारा लागेल, ही आशा विदर्भात फोल ठरते. हवा अंगाच्या त्वचेपेक्षा गरम असली की वारा थंड करत नाही, भाजतो. चंद्रपूर-नागपूरकडची माणसं एप्रिलपासून डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळून पूर्ण बाह्यांचं घालून गाडी चालवतात ते उगाच नव्हे. जाळीचं जॅकेट, आत ओला सुती बनियन आणि बारा ते चार घरात, यापलीकडे मला उपाय सापडलेला नाही.

आणि मग जून.

पहिल्या सरीचा रस्ता सगळ्यात वाईट. आठ महिन्यांचं सांडलेलं तेल, टायरचा घासलेला रबर आणि धूळ यांचा पातळ थर पाण्यावर तरंगतो. दोन-तीन जोरदार पाऊस झाले की तो धुऊन जातो, मग पकड बरीच परत येते. पण झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, पुलांच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या, ड्रेनेजची झाकणं, खोदकामावर टाकलेले पत्रे हे पुढचे चार महिने निसरडेच राहतात. यांच्यावर गाडी सरळ ठेवायची, ब्रेक आधी लावून घ्यायचा. आता १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. त्याने चाक लॉक होत नाही, पण कलंडलेली गाडी ते उभी करत नाही, आणि ओल्या रस्त्यावर थांबायला लागणारं जास्तीचं अंतरही पुसून टाकत नाही.

नेकेड गाडीचं रूप म्हणजे आखूड शेपूट, आणि मागचं मडगार्ड नावापुरतं. त्यामुळे पावसात चिखलाची एक रेघ कमरेपासून मानेपर्यंत नेमाने उमटते. ऑफिसात शिरल्यावर लिफ्टमधली माणसं आपोआप थोडी सरकून उभी राहतात. पुढच्या चाकाचा चिखल रेडिएटरच्या जाळीत जाऊन वाळतो, हॉर्नच्या तोंडात बसतो आणि हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायला लागतो. ऑगस्टपर्यंत बोल्टांच्या डोक्यांवर तांबूस ठिपके दिसायला लागतात. पार्किंगमधले उंदीर ऊब शोधत सीटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. पावसाळ्यात सकाळी गाडी चालू झाली नाही तर बॅटरीआधी सीट काढून बघावी. स्कूटरमध्येही हे सगळं होत असणार. फक्त तिथे वरून पॅनेल असतात, इथे दिसतं.

सगळ्यात जास्त दिसते ती चेन. पावसाळ्यात तिचं तेल दोन दिवसांत धुऊन जातं आणि त्या जागी डंपरने सांडलेल्या क्रशसँडची कच बसते. कोरड्या दिवसांत पाचशे किलोमीटरला एकदा ऑइलिंग केलं तर भागतं. जुलैत प्रत्येक मोठ्या भिजण्यानंतर करावं लागतं. या गाड्यांना बहुधा फक्त साइड स्टँड असतो, मेन स्टँड नाही. म्हणजे मागचं चाक हवेत फिरवून काम उरकता येत नाही. पॅडॉक स्टँड नसेल तर वीतभर चेन पुसायची, गाडी थोडी पुढे ढकलायची, पुढची वीत. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून बरेच जण डिझेल वापरतात, मी चेन क्लीनरचा डबा आणतो. तारेचा ब्रश लावायचा नाही. कड्यांच्या सांध्यांत रबराच्या बारीक रिंगा असतात, आतलं ग्रीस त्या धरून ठेवतात, आणि ब्रशने त्याच आधी फाटतात. जुना दात घासायचा ब्रश उत्तम. चेन पुसून कोरडी झाली की आतल्या बाजूने, स्प्रॉकेटच्या दिशेने थेंब थेंब गिअर ऑइल, नव्वदचं. मग बोटाने खालची चेन वर-खाली करून ढिलाई बघायची. दोन-तीन सेंटीमीटर खेळली पाहिजे. चार-पाच ठिकाणी बघायची, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात ताठ लागेल तिथलं माप धरायचं. गाडी गॅरेजमध्ये दिली तर मुलगा पाच मिनिटांत जास्तच ताणून देतो. सैल चेन खडखडते म्हणून गिऱ्हाईक तक्रार करतं; ताणलेली गप्प राहते आणि बेअरिंग खाते.

हे करताना इमारतीतली लहान मुलं भोवती जमतात. रेडिएटर कुठला, सायलेन्सर इंजिनातून कुठून निघतो, गिअरचा पाय टाकल्यावर कुठली दांडी हलते, हे त्यांना बोट लावून दाखवता येतं. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्राबद्दल मला एवढं दाखवता येणार नाही. मिक्सर बिघडला की नवा येतो, फोन तर उघडतच नाही.

घरच्यांच्या दृष्टीने गाडीत उणिवा बऱ्याच. दुधाची पिशवी अडकवायला हूक नाही, भाजीला जागा नाही. मागची सीट म्हणजे वहीच्या आकाराची उशी. बायकोने एकदा माहुलीपर्यंत त्यावर बसून दाखवलं आणि परतीला एसटीने येईन म्हणाली. बाजूला साडीगार्ड मात्र आहे, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम मागच्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून तो लावायलाच सांगतो. तरुण मुलं गाडी घरी आणली की पहिल्यांदा तो काढून टाकतात. काढू नये. ओढणी चाकात अडकून झालेले अपघात ज्याने पाहिले आहेत, त्याला रूपाची एवढी पर्वा राहत नाही.

माझ्या ओळखीच्या एकाकडे हजार सीसीची गाडी आहे. सुंदर आहे. पावसाळ्यात ती कव्हरखाली असते, बॅटरीला चार्जर लावलेला असतो, उन्हाळ्यात तापते म्हणून निघत नाही, आणि उरलेल्या महिन्यांत रविवारी सकाळी लोणावळ्याला नाश्ता करून परत येते. दुसऱ्याकडे शंभरची आहे, ती रोज निघते, पण वरंध घाटात मागे माणूस बसवून तिला चढवताना त्याचा जीव वर-खाली होतो. पुरेसं म्हणजे किती, हे ठरवताना आपण नेहमी वर्षातला सगळ्यात चांगला दिवस डोळ्यांपुढे ठेवतो: मोकळा रस्ता, कोवळं ऊन, पोटात मिसळ. त्या दिवसाला हजारही कमीच पडतील. माप घ्यायचं ते मंगळवारचं. मंगळवारी पाऊस आहे, कात्रजला रांग लागली आहे, पाठीवर लॅपटॉप आहे आणि संध्याकाळी अचानक कोरेगावला जायचं निघालं आहे. त्या दिवशी जी गाडी नको वाटत नाही, ती पुरेशी. मध्यम आकाराला माझं मत पडतं ते यामुळे. तिच्यात कौतुकाने मिरवावं असं फार नाही, पण बाराही महिन्यांत तिला घरी ठेवून जावं असं क्वचितच वाटतं.

घ्यायचा विचार असेल तर टेस्ट राइड फेब्रुवारीत घेऊ नका. मेमध्ये दुपारी घ्या किंवा जुलैत भर पावसात, आणि जो माणूस मागे बसणार आहे त्याला बरोबर न्या. ऑन-रोड किंमत विचारताना चेन-स्प्रॉकेटच्या सेटची आणि मागच्या टायरचीही विचारून घ्या. त्या दोन्ही वस्तू पुन्हा घ्याव्या लागतात, आणि सेल्समन ते आपणहून सांगत नाही.