छावणींत पुरलेलें सोनें

(वाचनासाठीं शास्त्रभाग : यहोशवा, अध्याय ७)



एका खेड्यांतील उपदेशकानें पत्र लिहून विचारिलें आहे कीं, देशावर युद्धाचा प्रसंग आला असतां राज्यकर्त्यांच्या दोषांविषयीं ख्रिस्ती मनुष्यानें बोलावें किंवा नाहीं. त्याच्या मंडळींतील दोन घरचे मुलगे सैन्यांत आहेत. चावडीवर एक गृहस्थ म्हणाले, जवान लढत असतां सरकारचा हिशेब विचारणें हा देशद्रोह होय. दुसरे म्हणाले, अधिकार देवानें नेमिलेला आहे असें तुमच्याच पौलानें लिहिलें आहे ना? मग तुम्हीं तर मुळींच बोलूं नये. उपदेशकास तेथें उत्तर सुचलें नाहीं. हें पत्र मला मिळालें तेव्हां मी पुण्यास कोथरुडांत एका आप्ताच्या घरीं होतों, आणि उत्तराचा विचार तेथेंच झाला. म्हणून पुढें कोथरुडाच्या गोष्टी येतील, त्या वाचकांनीं चालवून घ्याव्या.

प्रथम शास्त्रभाग पाहूं. यरीहोचे तट कोसळले होते आणि इस्राएल लोक विजयाच्या भरांत होते. पुढचें नगर आय, तें लहान. हेर पाहून आले व म्हणाले कीं, सर्व लोकांना तेथवर शिणवूं नये, दोन-तीन हजार पुरेत. कोणीं शंका काढिली नाहीं, देवासहि विचारिलें नाहीं. तीन हजार गेले, पाठ दाखवून पळाले, आणि उतारावर त्यांचीं छत्तीस माणसें पडलीं. हा आंकडा शास्त्रानें जपून ठेविला आहे. त्या रात्रीं छत्तीस घरीं चूल पेटली नसेल. ते छत्तीस चोर नव्हते. चोर होता तो आखान, आणि तो आपल्या छावणींत जिवंत व सुखरूप होता.

त्यानें घेतलें तरी काय? एक शिनारी झगा, दोनशे शेकेल रुपें आणि पन्नास शेकेल वजनाची सोन्याची वीट. रुपें व सोनें परमेश्वराच्या भांडारांत जावयाचें होतें, म्हणजे तें कोणा एकाचें नसून सर्वांचें होतें. तें एका तंबूच्या जमिनीखालीं गेलें. एवढ्या मोठ्या लुटींतून एक वीट कमी झाली तर कोणाच्या ध्यानांत येणार, असें त्याला वाटलें असेल. ध्यानांत आलें तें आयच्या उतारावर.

आतां कोथरुड. एके काळीं हें पुण्याबाहेरचें खेडें होतें. आज तेथें मजल्यांवर मजले चढले आहेत आणि पौड रस्त्यावर डोक्यावरून मेट्रो धांवते. आप्ताच्या घराच्या गच्चीवरून पर्वतीची टेकडी दिसते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस इंग्रजांशीं लढाई झाली तेव्हां दुसरा बाजीराव पेशवा याच पर्वतीवरून ती पाहत होता; खालीं बापू गोखले लढत होते. बाजीरावाच्या कारकीर्दींत मामलती जास्त पैसा देईल त्यास मक्त्यानें दिल्या जात, आणि मक्तेदार तो पैसा रयतेकडून वसूल करी. अशा राज्यासाठीं रयतेनें छातीचा कोट कशासाठीं करावा? बारा दिवसांत पुणें गेलें. टेकडीवरून पाहणारा धनी आणि खालीं मरणारा शिपाई, यांतील अंतर मी गच्चीवर उभा राहून बराच वेळ मोजीत होतों.

कोथरुडांतच यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे. तिकिटें काढून आंत जाणाऱ्या तरुणांपैकीं किती जणांस ठाऊक असेल कीं, हे गृहस्थ पराभवाच्या दिवसांत देशाचे संरक्षणमंत्री झाले? ती हकीकत सांगण्यापूर्वीं थोडें मागें जाणें अवश्य आहे.

दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थान सरकारनें युद्धसामुग्रीवर अतोनात पैसा खर्च केला. त्याबरोबर लांचलुचपत इतकी माजली कीं, युद्ध व पुरवठा खात्यांतील असले गुन्हे शोधण्यासाठीं १९४१ सालीं खास पोलीस दल उभारावें लागलें. त्याच दलाची पुढें १९६३ सालीं केंद्रीय अन्वेषण संस्था झाली, जिला आपण सीबीआय म्हणतों. वाचकहो, हें नीट ध्यानांत घ्या : देशांतील लांच पकडणारी सर्वांत मोठी संस्था शांततेंत जन्मली नाहीं, ती युद्धाच्या पोटीं जन्मली. १९६२ सालीं गृहमंत्री लालबहादूर शास्त्री यांनीं नेमिलेल्या संथानम समितीनेंहि १९६४ च्या आपल्या अहवालांत हेंच सांगितलें कीं, युद्धकाळच्या पुरवठ्यांनीं व ठेक्यांनीं वाममार्गानें धन मिळविण्यास कधीं नव्हती एवढी संधि दिली. घाई असते, गुप्तता असते, पैसा मोकळा सुटलेला असतो, आणि विचारणाऱ्याचें तोंड देशभक्तीच्या नांवानें बंद करितां येतें. आखानास याहून चांगला दिवस कोणता?

स्वातंत्र्य आलें तरी ही खोड गेली नाहीं. १९४८ सालीं काश्मिरांत लढाई चालू असतां सैन्यासाठीं विलायतेंत जुन्या जीपगाड्या मागविण्यांत आल्या. रीतीचा मार्ग सोडून करार झाला. जेमतेम १५५ गाड्या आल्या, आणि त्याहि सैन्याच्या उपयोगाच्या नव्हत्या. लोकसभेंत ओरड झाली. १९५५ सालीं सरकारनें हें प्रकरण संपलें असें जाहीर केलें. तेव्हां लंडनमध्यें उच्चायुक्त असलेले कृष्ण मेनन पुढें मंत्री झाले आणि १९५७ सालीं संरक्षणमंत्रीहि झाले. त्यांनीं पैसे खाल्ले असें कोठेंहि सिद्ध झालेलें नाहीं, आणि ख्रिस्ती मनुष्यानें सिद्ध न झालेला आरोप चावडीवर पसरवूं नये. माझा मुद्दा निराळा आहे. चौकशी तंबूपर्यंत पोहोंचण्याआधींच थांबली. तंबूंत कांहीं होतें कीं नव्हतें हें कळलेंच नाहीं, आणि निर्दोष असणाऱ्यासहि निर्दोषपणाचा निकाल मिळाला नाहीं.

मग १९६२ चा ऑक्टोबर उजाडला. चीनशीं झालेल्या युद्धांत आपला पराभव लांच खाल्ल्यामुळें झाला असें मी म्हणत नाहीं; तसें म्हणणें खोटें होईल. परंतु भ्रष्टता म्हणजे केवळ पैशाची नव्हे. खरें सांगणाऱ्यास दूर ठेवणें आणि मर्जींतल्यास वर आणणें हीहि भ्रष्टताच होय. सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनीं १९५९ सालीं संरक्षणमंत्र्यांशीं मतभेद होऊन राजीनामा दिला आणि पंतप्रधानांच्या सांगण्यावरून तो परत घेतला. पण ज्या दुखण्यामुळें तो दिला तें दुखणें राहिलेंच. ऐन युद्धाच्या तोंडावर ईशान्य सीमेवरील सेनाविभाग अशा अधिकाऱ्याकडे सोंपविला गेला, ज्यास प्रत्यक्ष लढाईंत पलटणी चालविण्याचा अनुभव नव्हता. शत्रूला हांकलून लावण्याची आज्ञा सैन्यास दिली आहे असें पंतप्रधान नेहरू १२ ऑक्टोबर रोजीं वार्ताहरांस सहज बोलून गेले. आयच्या हेरांचे शब्द येथें पुन्हां ऐकूं येतात : थोडे पुरेत. मैदानी मुलुखांतले जवान पुरेशा गरम कपड्यांवांचून हिमालयाच्या बर्फांत उभे राहिले. लडाखांत रेझांग ला येथें १८ नोव्हेंबर रोजीं मेजर शैतानसिंग यांच्या कुमाऊं पलटणीच्या तुकडीनें जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत झुंज दिली. सरकारी आंकड्याप्रमाणें त्या युद्धांत १३८३ सैनिक मेले व सुमारें १७०० बेपत्ता झाले. छत्तिसांपुढें हा आंकडा ठेवून पाहा.

मेनन यांस जावें लागलें, आणि मुंबईहून मुख्यमंत्री चव्हाण यांस बोलावणें गेलें. सातारा जिल्ह्यांतील (आतां तो भाग सांगलींत मोडतो) देवराष्ट्रे गांवचा हा शेतकऱ्याचा मुलगा. बाप लहानपणींच गेलेला, आईनें कष्ट करून वाढविलेला. हिमालयाच्या हांकेला सह्याद्रि धांवला असें महाराष्ट्रांत अभिमानानें म्हटलें जातें. मला त्याहून अधिक वाटतें तें त्यानंतरच्या रुक्ष कामाचें : रस्ते, बूट, बंदुका, डोंगरांत लढणाऱ्या नव्या पलटणी, ८,२५,००० सैन्याची पंचवार्षिक योजना. १९६५ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दिवशीं छांब येथें पाकिस्तानचे रणगाडे आले तेव्हां विमानदल पाठविण्याची परवानगी त्यांनीं त्याच सायंकाळीं दिली. कागद फिरवीत बसले नाहींत.

आणि त्यांनीं चौकशीहि पुरी करून घेतली. जनरल हेंडरसन ब्रूक्स व ब्रिगेडियर भगत यांचा अहवाल आला, आणि २ सप्टेंबर १९६३ रोजीं चव्हाणांनीं लोकसभेंत उभें राहून सांगितलें कीं, शिक्षणांत, सामुग्रींत, हुकूम देण्याच्या पद्धतींत, सेनापतींच्या कुवतींत उणीवा होत्या. पराभवाच्या दुसऱ्याच वर्षीं एवढें उघड बोलणें हें लहान काम नव्हे. तथापि अर्धेंच बोललें गेलें. संपूर्ण अहवाल सरकारनें अधिकृतपणें आजवर प्रसिद्ध केलेला नाहीं. ज्यांच्याविषयीं तो होता ते बहुतेक सर्व आतां मृत्यूच्या पलीकडे गेले. थोर मनुष्याचीहि ही उणीव लपवूं नये. शास्त्र तर दाविदाचीहि लपवीत नाहीं.

यहोशवाचें पाहा. तोहि प्रथम वस्त्रें फाडून पालथा पडला आणि देवाकडेच बोट दाखवूं लागला कीं, आम्हांस यार्देनेपलीकडे आणिलें तरी कशाला? देवानें त्याला उठविलें. रडत बसूं नको, तुझ्या छावणींतच दोष आहे तो शोध, असा त्या उत्तराचा आशय आहे. सकाळीं वंशामागून वंश, कुळामागून कूळ, घरामागून घर, अशी ती चौकशी चालली. यहूदाचा वंश थोर म्हणून ती थांबली नाहीं. आणि आखान समोर आला तेव्हां यहोशवानें त्याला शिवी दिली नाहीं, मुला म्हणून हांक मारली. (त्याच्या घरच्यांचें पुढें जें झालें तें वाचतांना माझें मन आजहि अडखळतें, हें कबूल करितों.)

आतां चावडीवरच्या गृहस्थांस उत्तर. पौल अधिकाऱ्यास देवाचा सेवक म्हणतो. सेवक म्हटला कीं हिशेब आलाच. लोकांनीं युद्धाच्या भीतीनें राजा मागितला तेव्हां शमुवेल, जो राजाहून मोठा होता, स्वतः सर्वांपुढें उभा राहून विचारूं लागला कीं, मीं कोणाचा बैल घेतला, कोणाचें गाढव घेतलें, कोणाकडून लांच घेऊन डोळे झांकले, तें सांगा, मी भरून देतों. हिशेब लोकांनीं मागितला नव्हता; त्यानें आपण होऊन दिला. १९६२ च्या त्या हिंवाळ्यांत देशाच्या संरक्षण निधीसाठीं गांवोगांवच्या बायांनीं हातांतल्या बांगड्या व गळ्यांतले दागिने काढून दिले. ज्या बाईनें बांगडी दिली ती बांगडी कोठें गेली हें तिनें विचारूं नये काय? ज्या दोन घरांनीं मुलगे दिले आहेत, त्यांच्या मुलांच्या पायांतले बूट कसे आहेत हें त्यांनीं विचारूं नये काय? विचारावें, पण सैनिकाची निंदा न करितां, ऐकीव गोष्टीला पुरावा न समजतां, आणि कोणत्या पक्षाचें राज्य आहे हें न पाहतां. हें उपदेशकानें चावडीवर जाऊन निर्भयपणें सांगावें.

परंतु जाण्यापूर्वीं त्यानें एक काम करावें, आणि तें मीं स्वतः केलें नव्हतें म्हणून सांगतों. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीस भूकंप झाला. मी तेव्हां तरुण होतों व मदतीच्या कामास गेलों होतों. घोंगड्यांचे व ब्लँकेटांचे ढीग आले. त्यांत एक जाड, लोंकरीचें, निळ्या कांठाचें होतें. दिवसरात्र राबणाऱ्यास एवढें घेण्याचा हक्क आहे, असें मनाशीं म्हणत तें मीं माझ्या वळकटींत गुंडाळलें. कोणीं पाहिलें नाहीं. चार दिवसांनीं एका वाडीवर वांटप करितांना एक नग कमी पडला. शेवटीं उभ्या असलेल्या म्हातारीस उद्यां ये म्हणून सांगण्यांत आलें, आणि दुसऱ्या दिवशीं आमची गाडी दुसऱ्या गांवीं गेली.

पुढें मी मंडळ्यांपुढें आखानावर पुष्कळ वेळां उपदेश केला आहे. कोथरुडाहून परत आल्यावर, हें लिहावयास बसण्यापूर्वीं, तें ब्लँकेट पेटींतून बाहेर काढलें. कांठ अजून निळाच आहे. त्या म्हातारीचें नांवहि मला आठवतें, कारण वांटपाची ती यादी माझ्याच हातची होती.