परदेशांतील बिऱ्हाड

आपल्या जुन्या आश्रमव्यवस्थेंत विद्यार्थी आणि गृहस्थ हे एकामागून एक येतात. विद्यार्थ्यानें घ्यावें आणि गृहस्थानें द्यावें, असा त्या दोहोंमधील भेद आहे. मधुकरी मागून विद्या करणाऱ्या मुलास कोणी मिंधा मानीत नसे. कारण पुढें तोच गृहस्थ होऊन दुसऱ्याच्या मुलास जेवूं घालील, हा हिशेब समाजानें गृहीत धरलेला होता. पण एकच मनुष्य एकाच वेळीं विद्यार्थीही असेल आणि गृहस्थही असेल, आणि तेंही आपल्या गांवीं नव्हे, तर परक्या देशांत, तेथील सरकारनें दिलेल्या मुदतीच्या परवान्यावर, तर त्याचा धर्म कोणता? त्यानें पाहुण्यासारखें वागावें कीं घरच्या माणसासारखें? हा प्रश्न आम्हांस पुस्तकांत भेटला नाहीं. इटलींतील बोलोन्या शहरीं आमच्या भाचीच्या बिऱ्हाडीं एका ऑक्टोबरांत तीन आठवडे राहिलों असतां तो भेटला. त्या वेळीं आम्हीं त्याचें जें उत्तर दिलें तें चुकीचें होतें, असें आतां वाटतें. म्हणून हा लेख.

आमची भाची आणि तिचे यजमान हीं दोघेंही तेथील विद्यापीठांत शिकतात. येथल्या चांगल्या नोकऱ्या सोडून तीं गेलीं. चौथ्या मजल्यावर एक खोली आणि एक स्वयंपाकघर, एवढेंच त्यांचें बिऱ्हाड. पण तेवढें थाटण्यासाठीं जें कागदांचें पारायण करावें लागलें, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. इटलींत पाऊल ठेवल्यापासून कामाच्या आठ दिवसांच्या आंत परदेशी विद्यार्थ्यानें राहण्याच्या परवान्यासाठीं अर्ज करावयाचा असतो. हा अर्ज टपालकचेरींतून जातो. तेथें पावती मिळते, आणि पुढें नेमल्या दिवशीं पोलीसकचेरींत बोटांचे ठसे द्यावे लागतात. परवाना हातीं येईपर्यंत ती पावतीच जिवापलीकडे जपावयाची. शिवाय प्रत्येकास १६ अक्षरांचा व अंकांचा एक संकेतांक घ्यावा लागतो. त्यावांचून भाड्याच्या कराराची नोंद होत नाहीं. त्यांत आडनांवाचीं तीन आणि नांवाचीं तीन अक्षरें घेतात, तींही शक्य तोंवर व्यंजनेंच. आणि परदेशांत जन्मलेल्यांस जन्मगांवाच्या जागीं झेड अक्षरानें सुरू होणारी देशाची खूण मिळते. "मामा, आमचे स्वर सगळे काढून घेतले, व्यंजनें तेवढीं उरलीं," असें भाची हंसून म्हणाली. पण त्या हंसण्यांत थोडा शीणही होता.

आम्ही पोंचलों त्याच्या दुसऱ्या दिवशीं तिनें आमचें पारपत्र मागितलें. परदेशी माणसास, मग तो नातलग कां असेना, जो कोणी आपल्या घरीं ठेवून घेतो, त्यानें ४८ तासांच्या आंत सरकारास लेखी कळविलें पाहिजे, असा तेथील कायदा आहे. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नसते तो अतिथि, अशी व्युत्पत्ति आम्ही वर्गांत सांगत आलों आहों. येथें आमची तिथि, आमचा पत्ता आणि आमच्या पारपत्राचा क्रमांक, हीं सर्व कागदावर चढून गेलीं. यांत अपमान कोणीं केला नाहीं. तरी आपण आलों आहों याची दखल प्रेमानें घेतली जाण्याआधीं नोंदवहीनें घेतली जावी, याचा एक परिणाम मनावर होतोच.

तो परिणाम त्या घरांत आम्हांस सर्वत्र दिसला. तेथें शिक्षण स्वस्त नाहीं असें नव्हे. १ जानेवारी १९४८ पासून अमलांत आलेल्या इटलीच्या राज्यघटनेच्या ३४ व्या कलमांत, पात्र आणि गुणी विद्यार्थ्यांस, ते निर्धन असले तरी, अगदीं वरच्या पायरीपर्यंत शिकण्याचा हक्क आहे असें म्हटलें आहे. आणि त्याच तत्त्वावर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचा या दोघांनाही आधार आहे. विद्यार्थ्यास आठवड्यास २० तासांपर्यंत कामही करतां येतें. त्याप्रमाणें जांवईबापू संध्याकाळीं एका खाणावळीच्या मुदपाकखान्यांत भांडीं घांसतात आणि रात्रीं अकराला येऊन पुस्तक उघडतात. कष्टांची त्यांना लाज नाहीं. आम्हांस खटकलें तें वेगळेंच. दोन वर्षें झालीं तरी घरांत एकही वस्तु अशी नव्हती, कीं जी जातांना टाकून देतां येणार नाहीं. जेवावयाचें मेज म्हणजे दोन पेट्या आणि वर एक फळी. भिंती उघड्या. ऑक्टोबरच्या १५ तारखेपर्यंत त्या भागांत घरें ऊबविण्याचे नळ सुरू होत नाहींत. त्या थंडींत दोघें रग पांघरून बसत, पण एक जाडसें गोधडें विकत घेत नसत. कारण विचारलें तर उत्तर ठरलेलें: "मामा, हें काय आपलें घर आहे? खरा संसार पुढें मांडूं."

आमचें वागणें येथें फारसें शहाणपणाचें झालें नाहीं. आम्हीं या अलिप्तपणाची तारीफ केली. परक्या गांवीं मनुष्यानें पाहुण्यासारखें असावें, वाद घालूं नये, हक्क सांगूं नये, कोणांत गुंतूं नये, असा उपदेश आम्हीं जेवतांना केला. या उपदेशास निमित्त झाली एक किल्ली. शेजारच्या बिऱ्हाडांत एक ऐंशीच्या घरांतील विधवा बाई एकट्या राहत. भाची त्यांच्या बाजारच्या पिशव्या वर आणून देई. त्यांनीं तिला तेथील मोका नांवाच्या किटलींत कॉफी कशी करावी हें शिकविलें. आणि एके दिवशीं आपल्या दाराची दुसरी किल्ली तिच्या हातीं ठेवली. जांवईबापूंस हें पसंत नव्हतें. उद्यां त्या घरांतून कांहीं नाहींसें झालें तर पहिला संशय कोणावर येईल, असें ते म्हणत. आणि आम्हींही त्यांचीच बाजू घेऊन किल्ली परत कर असें भाचीस सांगितलें. तिनें "बरें" म्हटलें, पण केलें नाहीं.

पुढें चार दिवसांनीं रात्रीं दोनच्या सुमारास भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला. आम्ही तिघेंही उठलों. जांवईबापू म्हणाले, "रुग्णवाहिकेस फोन करतों, दार तेच लोक उघडतील. आपण आंत गेलों आणि कांहीं कमीजास्त झालें तर? माझ्याजवळ तर नुसती पावती आहे." हें बोलणें भित्रेपणाचें नव्हतें. परक्या देशांत चूक महाग पडते हें त्यांनीं दोन वर्षें शिकून घेतलेलें होतें. आम्हींही भाचीस "थांब" म्हटलें. ती किल्ली हातांत घेऊन दाराशीं उभी होती. "मामा, दोन वर्षें पाहुणी म्हणून राहिलें. आणखी किती दिवस?" एवढेंच म्हणून ती गेली. बाई न्हाणीघरांत पडल्या होत्या; त्यांस हलतां येईना. माणसें येईपर्यंत पाऊण तास ही मुलगी थंड फरशीवर त्यांचें डोकें मांडीवर घेऊन, आपला रग त्यांच्या अंगावर घालून, मोडक्या इटालियन भाषेंत त्यांच्याशीं बोलत बसली. सकाळीं तिची तोंडी परीक्षा होती. न झोंपतां ती गेली, आणि ३० पैकीं २२ गुण घेऊन आली. तिच्या मनांत २८ ची अपेक्षा होती.

गोष्ट येथें संपती तर बरें दिसलें असतें. दुसऱ्या दिवशीं बाईंचे चिरंजीव दुसऱ्या शहराहून आले. त्यांनीं आभार मानले; मग तुम्ही कोण, आणि ही किल्ली तुमच्याकडे कशी, असें विचारलें; आणि शेवटीं अत्यंत सभ्यपणें ती मागून घेतली. भाचीनें ती दिली. तुम्ही कोण या प्रश्नास तिनें काय उत्तर दिलें, असें आम्हीं तिला मागाहून विचारलें. "शेजारीण, असें सांगितलें," ती म्हणाली.

या एका शब्दानें आमचा सारा उपदेश उलटा केला. आम्हीं विचार करतांना दोनच खण कल्पिले होते: एक पाहुण्याचा आणि एक नागरिकाचा. विचारवंतांचीही दिशा बहुधा हीच असते. कांटनें १७९५ सालीं शाश्वत शांततेवर जो निबंध लिहिला, त्यांत परक्या माणसास दुसऱ्याच्या भूमीवर येण्याचा, शत्रु म्हणून न वागविलें जाण्याचा हक्क आहे असें म्हटलें. पण कायमचा पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क नाहीं, तो देणें हा त्या देशाचा अनुग्रह, असेंही सांगितलें. राज्याच्या दृष्टीनें हें योग्यच असेल. परंतु चार-पांच वर्षें एका गांवांत राहणारा, तेथील पाणी पिणारा, तेथील कचरा वेगवेगळा करून टाकणारा, तेथें भाडें भरणारा मनुष्य यांपैकीं कोण? पाहुणा म्हणावा तर मुक्काम फार लांबला. स्मृतींत तर अतिथि एका रात्रीपुरताच सांगितला आहे. नागरिक म्हणावा तर त्याला मत नाहीं. तो शेजारी आहे. आणि शेजारधर्म हा कोणत्याही सरकारच्या परवान्यानें मिळत नाहीं किंवा परवाना संपल्यानें जात नाहीं; दोन घरांमध्यें एक भिंत असली म्हणजे तो लागू होतो. इटलीच्या दंडसंहितेंतही याची खूण आहे. जखमी अथवा संकटांत सांपडलेला मनुष्य आढळला असतां त्यास मदत न करणें किंवा अधिकाऱ्यांस न कळविणें, हा ५९३ व्या कलमानें गुन्हा ठरतो. आणि त्या कलमांत पारपत्र विचारलेलें नाहीं.

कोणी म्हणेल, परक्यानें अशी सेवा करून आपली जागा कमवावी, हाच तुमचा सिद्धांत काय? नव्हे. तो सिद्धांत आम्हांस निंद्य वाटतो. परक्यानें इतरांहून अधिक सद्गुणी असल्याचें रोज सिद्ध करावें आणि मग त्याला माणूस मानावें, ही अपेक्षा अन्यायाची आहे. भाचीनें जें केलें तें भाडें म्हणून केलें नाहीं. तसें असतें तर किल्ली परत गेली तेव्हां तिला फसविल्यासारखें वाटलें असतें. तिला वाईट वाटलें, पण आपण चुकलों असें वाटलें नाहीं. शेजारधर्माची परतफेड होवो न होवो, तो पाळणाऱ्यास त्या गांवाशीं एक नातें जोडून देतो, आणि तें नातें त्याचें स्वतःचें असतें.

याची दुसरी बाजू घरच्या लोकांच्या कर्तव्याची आहे, आणि ती बोलोन्याइतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचित् दिसेल. तेथील विद्यापीठाचा आरंभ परंपरेनें १०८८ सालीं मानतात. त्याची घडण झाली ती परक्यांच्या असुरक्षिततेंतून. दूरदूरच्या देशांतून कायदा शिकावयास आलेल्या मुलांस त्या नगरांत कोणताच आधार नव्हता. एखाद्याच्या देशबांधवानें कर्ज बुडविलें तर तें याच्याकडून वसूल करीत. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा यानें ११५५ ते ११५८ च्या सुमारास काढलेल्या आज्ञापत्रानें ही वसुली बंद केली आणि विद्येसाठीं प्रवास करणारांस संरक्षण दिलें. पुढें या परक्या विद्यार्थ्यांनींच आपले संघ केले. त्यांत बोलोन्याच्या मुलांस जागा नव्हती, कारण नागरिक म्हणून त्यांचें रक्षण नगर करीतच होतें. आज जगभर ज्या संस्थेस आपण विद्यापीठ म्हणतों, तिचें एक मूळ अशा रीतीनें परक्यांच्या बिऱ्हाडांत आहे.

त्याच नगरांत घरांपुढून कमानींच्या पडव्या धांवतात. त्यांस पोर्तिको म्हणतात. वाढत्या वस्तीस जागा पुरेना तेव्हां वरचे मजले रस्त्यावर पुढें काढले आणि खालीं खांब दिले. १२८८ च्या नगरनियमांनीं नव्या घरांस अशी पडवी सक्तीची केली. त्यांची एकंदर लांबी सुमारें ६२ किलोमीटर भरते, आणि २०२१ मध्यें युनेस्कोनें त्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें. यांतील मर्म असें, कीं पडवीची जमीन घरमालकाची, पण तिच्याखालून जाण्याचा हक्क सर्वांचा. पाऊस आला म्हणजे खालीं कोण उभा आहे हें मालक विचारीत नाहीं. घर त्याचेंच राहतें. दार त्याचेंच बंद असतें. तरी घराचा एक भाग त्यानें जाणाऱ्या-येणाऱ्यासाठीं सोडलेला असतो. आपल्या जुन्या घरांच्या ओसरीचाही अर्थ हाच होता. आज आपल्याच शहरांत परगांवच्या मुलांस खोली देतांना जात, आहार आणि आडनांव विचारणारे घरमालक आपण रोज पाहतों. तेव्हां बोलोन्यांतील त्या सभ्य चिरंजीवांस नांवें ठेवण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

इटालियन भाषेंत पाहुणा आणि यजमान या दोघांनाही ओस्पिते हा एकच शब्द आहे. हें प्रथम कळलें तेव्हां आम्हांस भाषेचें दारिद्र्य वाटलें होतें. आतां वाटतें, कोण देणारा आणि कोण घेणारा हें आधींच ठरवून टाकण्याची घाई त्या शब्दानें केलेली नाहीं. त्या रात्रीं फरशीवर बसलेली मुलगी त्या देशाची पाहुणी होती आणि त्या बाईंची यजमानीणही होती.

आम्ही निघालों तेव्हां त्या बाई रुग्णालयांतच होत्या. जांवईबापू आम्हांस स्थानकावर पोंचवावयास आले. वाटेंत एका दुकानांत शिरून त्यांनीं एक जाड गोधडें घेतलें. किंमत त्यांच्या मानानें बरीच होती. "परत जातांना हें कसें न्याल?" असें आम्हीं संवयीनें विचारलें. ते म्हणाले, "मामा, थंडी तर आतां आहे."