रासभ, विषाणू आणि अदृष्ट

कावासाकी आजार म्हणजे मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांच्या रक्तवाहिन्यांना होणारा दाह. पाच-पाच दिवस न उतरणारा ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, अंगावर पुरळ ही त्याची लक्षणे. उपचार न झाल्यास सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलांत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुगतात. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. कारण मात्र अजून निश्चित झालेले नाही.

संशय विषाणूंवर आहे. जपानात १९७९, १९८२ आणि १९८६ मध्ये या आजाराच्या साथी आल्या. २०२० मध्ये मुखपट्ट्या आल्या, शाळा बंद झाल्या आणि तेथील रुग्ण घटले. त्याच वर्षी पुण्यासह अनेक शहरांत, कोविड होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी, कावासाकीशी मिळतीजुळती लक्षणे असलेली मुले रुग्णालयांत येऊ लागली. या वेगळ्या आजाराला एमआयएस-सी म्हणतात.

पण ज्यांना संसर्ग झाला त्यांपैकी बहुसंख्य मुलांना असे काही झाले नाही. मग विषाणूला कारण म्हणावे का?

भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारला आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ज्या न्यायशास्त्राची, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राची, परिभाषा आहे, ते इथे फार नेमके बोलते. कार्याआधी नियमाने असणारे आणि अन्यथासिद्ध, म्हणजे ज्याच्यावाचूनही कार्य होते असे, नसणारे ते कारण. कुंभाराची माती वाहणारे रासभ, म्हणजे गाढव, घटाआधी असते, तरी घटाचे कारण नव्हे. तापाआधीची सर्दीही असे रासभ असू शकते. केवळ आधी घडली एवढ्याने काही सिद्ध होत नाही. शिवाय कार्य एकट्या कारणाने होत नाही, सगळी सामग्री जुळावी लागते. हवाईत वाढलेल्या जपानी वंशाच्या मुलांतही हा आजार अधिक आढळतो. म्हणजे या सामग्रीत वंशपरंपरेचा वाटा आहे, आणि विषाणू असलाच तर तो निमित्तकारण ठरतो.

आईबाप विचारतात ते याहून जड असते: आमच्याच मुलाला का? कुणीतरी पूर्वजन्मीचे पाप सुचवते, आणि आधीच खचलेली आई आणखी खचते. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे अनुयायी, अदृष्ट, म्हणजे केलेल्या कर्मांचा न दिसणारा संस्कार, मानतात, जगातील विषमता समजावण्यासाठी उदयनाचार्य त्याचा आधार घेतात, हे खरे. पण ईश्वर, काल, दिशा यांच्याप्रमाणे अदृष्ट हे सर्व कार्यांचे साधारण कारण आहे. मूल आजारी पडते त्यात ते आहे, औषधाने बरे होते त्यातही आहे. म्हणून धमनीत नेमके काय बिघडले हे त्यावरून कळत नाही. शिवाय ज्याचे कर्म त्याचे अदृष्ट. ते आईच्या माथी मारण्याचा अधिकार हे शास्त्र कुणालाही देत नाही.

याच परिभाषेत प्रतिबंधकही आहे: बाकी सामग्री असूनही जो कार्य होऊ देत नाही. ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत शिरेतून दिलेले इम्युनोग्लोब्युलिन असेच काम करते. धमन्या फुगण्याचे प्रमाण त्यामुळे शेकडा चार-पाचपर्यंत उतरते. मूळ कारण ठरण्याची वाट त्यासाठी पाहावी लागत नाही.